सात नंबर कुणाच्या जागी बसला

शुक्रवारी दुपारपासून ते चार ठिपके माझ्या डोळ्यांसमोरून हलायला तयार नव्हते. एका ओळीत उभे होते मेले. पहिल्याचा धागा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, तिसऱ्याचा चौथ्याला, बास. बाकी कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. हजारो ठिपक्यांच्या माझ्या जाळ्यात सगळीकडे शिस्त होती, आणि जिथे आम्हाला उत्तर हवं होतं नेमकी तिथेच ही रांग.

आमचं काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक जातीचं झाड म्हणजे एक घर, आणि त्यातलं प्रत्येक जनुक म्हणजे एक ठिपका. या घरातल्या ठिपक्याला त्या घरातला जो सर्वांत जवळचा, त्यालाही हाच सर्वांत जवळचा असेल, तर दोघांमध्ये धागा ओढायचा. धागा असला की समजायचं, हे दोघे मुळात एकच. घरं वेगळी झाली तेव्हाच वेगळे झाले, त्यामुळे एकाचं काम तेच बहुधा दुसऱ्याचं. घोळ होतो तो चुलत भावंडांमुळे. घरं फुटण्याच्याही आधी एका जनुकाची दोन झालेली असतात, त्यांच्या वंशातले हे. दिसायला सारखे, पण कामं निराळी. त्यांच्यात धागा जाता कामा नये. आणि गणित असं आहे की सगळे धागे खरे असतील तर चौघांची अशी उघडी रांग बनूच शकत नाही. बनली, म्हणजे एखादा धागा खोटा आहे, नाहीतर एखादा राहून गेलाय.

माझ्या रांगेत पहिलं होतं जंगली केळीचं फळ पिकवणारं जनुक. दुसरा मटोकेचा, म्हणजे आमच्या शिजवून खायच्या केळीचा, सात नंबरचा ठिपका. तिसरं इथियोपियातल्या एन्सेटचं, केळीचीच ती लांबची बहीण. आणि चौथं पुन्हा जंगली केळीचं, पण हे पहारेकरी. किवोतोका रोग आला की जंगली केळ या पहारेकऱ्यामुळे वाचते. आमची मटोके वाचत नाही. तिची पानं पिवळी पडतात, बुंधा कापला की पिवळट चीक गळतो, आणि बघता बघता अख्खी बाग जाते. मटोकेतही हा पहारेकरी आहे, फक्त झोपलाय, असं धरून आमचा सगळा प्रकल्प चालला होता. तो कोणता ते मी शोधायचं आणि जनुकावर बारीकशी कात्री चालवून माझ्या सहकाऱ्याने, ओपियोने, त्याला जागं करायचं.

"एक धागा जोड की," डॉक्टर ब्यामुगिशा म्हणाले. ते आमचे प्रमुख. "सात नंबर आणि पहारेकरी, यांच्यात. जोडलास की रांग मोडते. मोडते ना?"

"मोडते. पण सर, मधला धागा तोडला तरी मोडते. सात नंबर आणि एन्सेटमधला. मग दोन वेगळ्या जोड्या उरतात."

"आणि मग मटोकेचा पहारेकरी कोण?"

"कोणीच नाही."

"हे बघ," ते खुर्चीत मागे रेलले, "दोन्हींकडे एकाच धाग्याचा फरक. एकात उत्तर आहे, एकात नाही. तुम्हा बागांडा लोकांना सरळ रस्ता दिसला की त्यात खड्डा शोधायची सवयच आहे."

"तुम्ही पश्चिमेकडचे गाईवाले. तुम्हाला केळीतलं काय कळतं?"

ते हसले. आमचं असं चालायचं. पण जाता जाता त्यांनी दारातून वळून सांगितलं, सोमवारी सकाळी नाव पाहिजे. ओपियोच्या बाटल्यांमधले कोंब कापायला आलेत, आठवडाभर थांबले तर जून होतील, आणि पुन्हा तेवढे तयार करायला वर्ष जाईल.

ओपियो त्याच्या काचेच्या खोलीत शीळ घालत होता. फळ्यांवर बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीत बोटभर हिरवा कोंब. "काय ग, मिळाला का तुझा झोपाळू?" त्याने विचारलं. "लवकर सांग. मी उत्तरेकडचा नाचणीवाला माणूस, तुमच्या मटोकेची बाळंतपणं करत बसलोय."

"चुकीचं जनुक कापलं तर काय होईल रे?"

"सात नंबर जर पिकवणारा निघाला तर? झाड वाढेल, घड येईल, आणि तो धड शिजणारही नाही आणि पिकणारही नाही. दीड वर्षाने कळेल." शीळ थांबली होती. "का?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि बॅग उचलून निघाले. दुसऱ्या दिवशी मला गावी जायचं होतं. माझ्या वडिलांचा ओलुंबे होता.

ओलुंबे म्हणजे मृत्यू. माणूस गेला की तो घरात ठाण मांडून बसतो, त्याला बाहेर हाकलायचं आणि गेलेल्याच्या जागी मुसिका बसवायचा, म्हणजे वारस. वडील जाऊन काही महिने झाले होते आणि मी एकदाही रडले नव्हते. वेळ नव्हता, असं मी म्हणायची. खरं तर मला भीती वाटत होती. आजारपणात त्यांना मी एक शब्द दिला होता. बाग जाताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली, स्वतःच्या हाताने एकेक बुंधा कापून पुरला. मी त्यांच्या खाटेशी बसून म्हणाले होते, "ताता, आपल्या केळीत ते आहे. झोपलंय नुसतं. मी उठवते." ते म्हणाले, "तू म्हणतेस तर असेल." पुढे दुसरं काही बोलणंच झालं नाही.

मसाक्याला जाणाऱ्या गाडीत अख्खा वेळ मांडीवर लॅपटॉप उघडा होता. शेजारच्या बाईने तळलेले नाकतोडे खात खात त्यात डोकावून पाहिलं. "विणकाम आहे का, न्याबो?" तिने अदबीने विचारलं. मी हो म्हटलं. धागा जोडला, रांग गेली. धागा तोडला, रांग गेली. पुन्हा जोडला. बाईने मला मूठभर नाकतोडे दिले आणि म्हणाली, "खा, डोकं थंड होईल." झालं नाही.

मुसिका म्हणून कुळाने निवडलं होतं मुत्याबाला. माझ्या काकाचा मुलगा. आम्ही सगळ्या बहिणीच, त्यामुळे दुसरं कोण असणार होतं? हा मसाक्यात मोटरसायकलचे सुटे भाग विकतो, जिथे जाईल तिथे हशा पिकवतो, आणि लहानपणी मी याला पाठीवर बांधून हिंडवलंय, याचा शेंबूड पुसलाय. त्याला मी आता गुडघे टेकून ताता म्हणायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं, बायका पानांत मटोके बांधतायत. केळी ट्रकमधून आणलेली, विकतची. माझ्या वडिलांच्या ओलुंब्याला विकतची मटोके! मी घरामागे गेले. बागेच्या जागी गवत माजलं होतं, आणि मधोमध एकच बेट उभं होतं, केळीचं. पानं पिवळी, लोंबणारी. माझं डोकंच फिरलं.

"सेंगा!" मी आत्याला हाक मारली. "हे कुणी ठेवलंय? रोगी झाड उपटायचं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं! शेजारच्या बागा जातील की!"

आत्या पानं पुसत होती. तिने वर पाहिलं नाही. "आली नाही तोच ओरडायला लागली. उद्या घराला धनी मिळेल, त्याला विचार."

"धनी! तो मुत्याबा?"

"जीभ आवर. उद्यापासून तो माझा भाऊ आहे."

"सेंगा, तो तुझा भाचा आहे."

"मग? मला माहीत नाही होय कोण कुणाचा ते?" आत्या म्हणाली आणि माझ्या हातात पानांचा गठ्ठा कोंबला. "बांध."

मी बांधत बसले. बोटं पानं बांधत होती आणि डोक्यात धागा, जोडू की तोडू. एकदा मुत्याबा येऊन समोर उकिडवा बसला. "काय मग, पोरी," म्हणाला, "उद्या गुडघे नीट धुऊन ये हं." सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. मी त्याच्या अंगावर सालं फेकली. तो उठून गेला, पण जाताना मला वाटलं, त्याचं हसू नेहमीइतकं टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे अंगणात जमले. मुत्याबाच्या खांद्यावर झाडाच्या सालीचं तांबूस वस्त्र बांधलं होतं आणि हातात वडिलांचा भाला होता. बसायची चटई समोर अंथरलेली. आमच्या कुळातले म्हातारे सेबुन्या, आमचे मुझेयी, काठी टेकत पुढे आले. आमच्याकडे सगळं करतात तेच, आणि त्यांची स्वतःची एक पद्धत आहे.

"या घरचा माणूस कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. थोरली मी होते.

"ऐकू आलं नाही का? कुठे आहे?"

"मुझेयी, तुम्हाला माहीत आहे," मी म्हणाले.

"मला माहीत असून काय उपयोग? तू म्हण."

"बसवा ना त्याला एकदाचं. तुम्हीच निवडलाय."

अंगणात कुजबुज झाली. आत्याने मागून माझा दंड दाबला. सेबुन्या रागावले नाहीत, उलट काठीवर दोन्ही हात ठेवून निवांत उभे राहिले. "घाई कसली आहे? ऐक. गेला म्हटल्याशिवाय मी कुणाला बसवत नाही. आधी गेलेला गेला, असं त्याच्या रक्ताच्या माणसाने मोठ्याने म्हणायचं. मग जो बसतो, तो त्याच्या जागी बसतो. ते म्हटलं नाही तर हा पोरगा वारस नाही, चोर. उद्या लहान पोरं यालाच तो समजतील, आणि तो गेल्याचं कुणाच्या ध्यानातही राहणार नाही. बोल. कुठे आहे?"

मुत्याबा भाला धरून उभा होता, त्याच्या हाताला थोडा कंप होता. त्याच्या मागे घराचं दार, आणि दारात वडील उभे राहायचे ती जागा.

"गेला," मी म्हणाले.

"मोठ्याने."

"गेला! माझा बाप गेला!"

सगळ्या अंगणातून एकदम आवाज उठला, ढोल वाजला, आणि मुत्याबा चटईवर बसला. मी मात्र तिथे नव्हतेच. मी माझ्या प्रोग्रॅमच्या एका पायरीपाशी जाऊन थडकले होते.

ती पायरी माझीच. आमची माहिती फाटकी असते, कुठल्या घराचं सगळं वाचून झालेलं नसतं, म्हणून काही जागा उगाच रिकाम्या दिसतात. तेव्हा मी लिहिलं होतं: एखाद्या ठिपक्याला एखाद्या घरात जोडीदार सापडला नाही, तर त्या घरातला त्यातल्या त्यात जवळचा उचल आणि त्या जागी बसव. आमच्याकडे कुठलं घर वारसाशिवाय ठेवतात? मी त्या पायरीला नावही मुसिका दिलं होतं. ब्यामुगिशांना ते इतकं आवडलं की प्रत्येक बैठकीत पाहुण्यांना सांगायचे. जगात दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. ते जागा रिकामी सोडून मोकळे झाले असते. मी वारस बसवत गेले, आणि त्याआधी विचारायचं ते, मूळचा खरंच गेलाय का, कधी विचारलंच नाही.

मी गर्दीतून मागे सरकले. आत्या हाक मारत होती, गुडघे टेकायची माझी पाळी होती. मी घरामागे पळाले, मागच्या दाराच्या पायरीवर बसले आणि लॅपटॉप उघडला. जनुकंही वस्ती करून राहतात, त्यांना शेजार असतो. जंगली केळीत पहारेकऱ्याच्या एका बाजूला कोण, दुसऱ्या बाजूला कोण, ते काढलं. एन्सेटमध्ये पाहिलं, तिथेही तेच दोन शेजारी, आणि त्यांच्यामध्ये तो. मग मटोके उघडली. दोन्ही शेजारी होते. अगदी खांद्याला खांदा लावून. मध्ये काही नव्हतं. आणि वाचायचं राहिलं म्हणावं तर तसंही नव्हतं, तो सगळा भाग नीट, पुन्हा पुन्हा वाचलेला होता. सात नंबर दुसऱ्याच गल्लीत राहत होता, पिकवणाऱ्याच्या वस्तीत. इतके दिवस मी तिथे डोकावले नव्हते, कारण जागा भरलेली दिसत होती.

मी ब्यामुगिशांना फोन लावला.

"तू घरच्या कार्याला गेलीस ना?" मागे चर्चमधलं गाणं ऐकू येत होतं. "का आता देवळातही सोडणार नाहीस मला?"

"सर, सात नंबर नाही. मधला धागा तोडायचा."

"पुन्हा तेच! अग, मी तुला शुक्रवारीच..."

"तो मुसिका आहे, सर. मूळ माणूस गेलाय. त्याची जागा पाहिली मी, शेजारी आहेत, मध्ये तो नाही."

ते चर्चबाहेर आले असावेत, गाणं लांब गेलं. "नक्की?"

"नक्की. आणि मटोकेला बी नाही, काही नाही. नुसते कोंबावर कोंब. गेलं ते गेलं, परत कुठून येणार?"

"म्हणजे जागं करायला कोणीच नाही."

"नाही."

"तुला कळतंय ना? आपला प्रकल्प त्या एका नावावर उभा आहे. तुझी खुर्ची, माझी खुर्ची."

"कळतंय."

ते म्हणाले, "जंगलीतून आणून बसवायचं म्हटलं तर ते काम वेगळं, परवानग्या वेगळ्या. दुसऱ्याच लोकांकडे जाईल ते." आणि थोड्या वेळाने, "ओपियोला सांग, कोंब कापू नकोस म्हणावं. तूच सांग, मला नाही जमणार." त्यांचा आवाज इतका उतरलेला मी कधी ऐकला नव्हता. मला त्यांची दया आली, आणि माझीही.

फोन ठेवला तर समोर मुत्याबा. सालीच्या वस्त्रात अवघडून, भाला काखेत धरून उभा. "सगळ्या पोरी येऊन गेल्या," तो म्हणाला. "तूच राहिलीस. सेंगा शिव्या देतेय. मी म्हटलं, मीच जातो. नसेल टेकायचे तर नको टेकूस, मी सांगतो टेकले म्हणून."

मी त्याच्याकडे पाहिलं. याला मी कालपासून मनात शिव्या घालत होते, आणि हा तर फक्त बसवला तिथे बसला होता. रिकाम्या जागेत बसायला हिंमत लागते, आणि याच्या तर हाताला कंप सुटलेला मी पाहिला होता. मग मला आठवलं, दिलेला शब्द अजून माझ्या गळ्याशी अडकलाय, आणि तो ज्याला परत करायचा त्याच्या जागी आता हा आहे.

मी गवतात गुडघे टेकले.

"अग, चिखल आहे तिथे," तो म्हणाला.

"ताता," मी म्हणाले. शब्द निघेना, तरी काढला. "मी म्हणाले होते ना, आपल्या केळीत ते आहे, झोपलंय म्हणून. ते नाही. कधीच गेलंय. मी उगाच शब्द दिला."

मुत्याबा काहीतरी विनोद करेल असं वाटलं मला. त्याने भाला भिंतीला टेकवला आणि माझ्यासमोर तोही खाली बसला, नवं वस्त्र चिखलात.

"मला आज सकाळीच बाप केलंय," तो म्हणाला. "रागवायचं कसं ते अजून येत नाही मला. पण एक सांगतो. ते बेट दिसतंय ना? मी तीनदा आलो होतो उपटायला. शेजारीही भांडून गेले. काकांनी हात लावू दिला नाही. म्हणाले, एक तरी राहू दे, आपली नालुबोवा येईल, तिला उठवायला काहीतरी नको का? शेवटपर्यंत रोज खाट मागच्या दाराशी ओढायला लावायचे आणि त्या बेटाकडे बघत बसायचे."

मी बेटाकडे पाहिलं. पिवळी पानं वाऱ्यावर हलत होती. आणि तेव्हा कुठे मला रडू आलं, हमसून हमसून, लहान पोरीसारखं, त्याच्या त्या सालीच्या वस्त्रात तोंड खुपसून. तो माझ्या डोक्यावर थोपटत राहिला, मी लहानपणी त्याला थोपटायची तसा.

"मग?" थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं. "काय करू? ठेवू?"

"नको," मी डोळे पुसले. "उपटू या."

त्याने वस्त्र कमरेला खोचलं आणि पडवीतून कुदळ आणली. मी दोन्ही हातांनी बुंधा धरला.

"ओढ, ताता," मी म्हणाले.